जुनी गाडी कोणत्या सालात न्यायची?

‘वाचकांचे प्रश्न’ या सदराकडे गेल्या काही महिन्यांत सोलापूर आणि परिसरातून जुन्या मोटारगाड्यांविषयी इतकी पत्रे आली, की या वेळची पाने त्यांनाच द्यावी लागली. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्यांच्या बऱ्याच शंका त्याच्या पोटात येतात.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्या वडिलांनी १९६८ साली फियाट ११०० डिलाइट नवी घेतली. साखर पेठेत आमचा चादरींचा लहानसा कारखाना होता आणि सुताच्या व्यवहारापासून अक्कलकोटच्या दर्शनापर्यंत सगळीकडे हीच गाडी जात असे. २००९ साली वडील गेले. तेव्हापासून ती अक्कलकोट रस्त्यावरच्या शेडमध्ये उभी आहे. एका गॅरेजने ती पूर्ण उघडून, पत्रा उघडा करून, नवा रंग, नवी सीट आणि नवी वायरिंग असे ‘कंपनीसारखी’ करून देण्याचे साडेचार लाख रुपये सांगितले आहेत. मुलगा पुण्याला नोकरी करतो. तो म्हणतो, एवढा खर्च करायचाच तर अल्टरनेटर, एसी आणि डिस्क ब्रेकही बसवून घेऊ. पत्नीचे म्हणणे असे की, फक्त धुऊनपुसून चालू करावी. आणखी एक गोष्ट आहे. १९८४ च्या सुमारास वडिलांनी आमच्याच मागावर विणलेल्या, मोराच्या नक्षीच्या चादरीची कव्हरे सीटवर चढवली होती. ती दोन ठिकाणी फाटली आहेत. गॅरेजवाले ती टाकून द्या म्हणतात. आम्ही नेमके किती पुढे जावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्यापुढे तीन मते आहेत असे आपण लिहिले आहे, पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला जाणवले की, तिघे तीन वेगवेगळ्या सालांविषयी बोलत आहेत. गॅरेजवाल्यांना गाडी १९६८ सालात न्यायची आहे, म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून ती बाहेर पडली त्या दिवसात; आपल्या पत्नींना ती २००९ मध्ये, वडिलांनी शेवटची किल्ली फिरवली तिथेच ठेवायची आहे; आणि चिरंजीवांना ती आजच्या सालात आणायची आहे. जुन्या गाडीचे काम काढताना खर्चाच्या आधी हे साल ठरवावे लागते, कारण पत्रा, रंग, सीट, वायर यांविषयीचे पुढचे सगळे निर्णय त्यातूनच निघतात, आणि ते ठरले नसेल तर प्रत्येक कारागीर आपापल्या मनातले साल गाडीवर चढवतो.

हा प्रश्न केवळ आपल्याकडेच पडतो असे नाही. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली ‘तूरिन सनद’ म्हणून जी तत्त्वे स्वीकारली, ती ऐतिहासिक वास्तूंसाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या वळणावर बेतलेली आहेत. त्यांचा रोख साधा आहे : जे मूळ शिल्लक आहे ते आधी जपावे, आवश्यक तेवढीच दुरुस्ती करावी, आणि वाहनाच्या आयुष्यात वेळोवेळी झालेले बदल हाही त्याच्या इतिहासाचाच भाग मानावा. आपल्याकडे गावोगावच्या काळ्या दगडी देवळांना भक्तिभावाने तैलरंग फासला जातो आणि त्याला जीर्णोद्धार म्हटले जाते. गाड्यांच्या बाबतीत आपली समज अजून बरीचशी तिथेच आहे.

मला विचाराल तर ही गाडी १९८४ सालात न्यावी.

१९६८ ची वाट मोहक आहे, परंतु तिला जाताना नंतरच्या एक्केचाळीस वर्षांतले सगळे उतरवून टाकावे लागते. शिवाय ‘कंपनीसारखी’ या शब्दावर फार विसंबू नका. त्या काळी पत्र्याचे जोड आणि दारांच्या फटी माणसे हाताने जुळवत असत आणि त्यांत एक-दोन मिलिमीटरचे कमीजास्त असेच. आज गॅरेजमध्ये जी आरशासारखी चकाकी आणि दोऱ्याने आखल्यासारख्या फटी करून मिळतात, तशी फियाट कुर्ल्याहून कधीच निघाली नव्हती. उत्तम राखलेल्या किंवा नव्याने केलेल्या डिलाइट आपल्याला कुठल्याही जुन्या गाड्यांच्या फेरीत दिसतील. मालकाच्या स्वतःच्या मागावरची चादर अंगावर घेतलेली डिलाइट मात्र मी तरी पाहिलेली नाही. त्यातही गंमत अशी की, त्या चादरीखाली १९६८ चे मूळ रेक्झिन ऊन न लागता बहुधा शाबूत असेल, म्हणजे दोन्ही साले एकाच सीटवर नांदत आहेत. कव्हर ठेवल्याने खालचेही टिकते.

ते कव्हर कसे हाताळावे हे थोडे सविस्तर सांगतो, कारण सीटवाल्याच्या दुकानात त्याचे आयुष्य पाच मिनिटांचे असते. काढण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, मुख्यतः ते खालून कुठे अडकवले आहे त्या जागांचे. तारेच्या कड्या ओढून काढू नका, पकडीने कापा. नंतर कापड सपाट पसरून, व्हॅक्यूमच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा बांधून धूळ ओढून घ्या. जेकॉर्डच्या नक्षीत मागच्या बाजूला जे लांब मोकळे धागे असतात ते या तुकड्यामुळे खेचले जात नाहीत. धुण्याचा विचार मनात आलाच तर खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर ओले पांढरे फडके काही मिनिटे दाबून ठेवा आणि रंग सुटतो का पाहा. सुटत असेल तर पाण्याचे नाव काढू नका. फाटलेल्या जागी वरून ठिगळ न लावता मागून सुती कापडाचा आधार द्यावा आणि जिथे धागा अजून सशक्त आहे तिथपर्यंत टाके न्यावेत. हे काम रफू करणाऱ्याचे आहे, सीटवाल्याचे नाही. आपण ज्या पेठेत वाढलात तिथे ही वीण उलट बाजूने वाचू शकणारी माणसे आजही सापडतील. त्यांना आधी दाखवा. आतल्या स्प्रिंगा आणि बसलेला काथ्या खुशाल बदला, तो कोणाला दिसत नाही.

माझी स्वतःची चूक इथे सांगितली पाहिजे. माझ्या फियाटच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला काकांनी प्रत्येक वेळी ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर बारीक ब्रशने, पांढऱ्या तैलरंगात लिहून ठेवले होते. गाडी रंगाला दिली तेव्हा ते राखायला सांगण्याचे मी विसरलो. कारागिराने आपले काम चोख केले आणि बॉनेट आतूनही गुळगुळीत करून दिले. फोटोसुद्धा नव्हता. तेव्हा गॅरेजची पायरी चढण्याआधी एक सकाळ काढून गाडीच्या पोटातल्या अशा सगळ्या खुणा शोधा : डिकीच्या झाकणामागे चिकटवलेले कागद, काचेवरचे जुने स्टिकर, गिअरच्या दांड्याची झिजलेली गाठ. काय राहणार आणि काय जाणार याची यादी लेखी द्या.

साल कोणतेही निवडले तरी काही कामांत निवड नसते, आणि त्यातले पहिले पत्र्याचे. फियाट ११०० ला ट्रकसारखी वेगळी चासी नाही; बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखालची लांब पेटी, म्हणजे मेकॅनिक जिला ‘सिल’ म्हणतात ती, आणि मागचे पाटे जिथे अडकतात त्या जागा सडल्या असतील तर वरून गाडी कितीही देखणी असो, ती रस्त्यावर आणू नये. सोलापूरची कोरडी हवा आपल्या पथ्यावर पडली आहे. कोकणात सोळा वर्षे उभी राहिलेली गाडी एव्हाना भुगा झाली असती. आपल्याकडे गंज येतो तो वेगळ्या वाटेने. दारांच्या आणि सिलच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी भोके असतात. ती आपल्या धुळीने बुजतात, पावसात त्या धुळीचा चिखल होतो आणि पत्रा आतून खाल्ला जातो. पायाखालच्या मॅटखाली, बॅटरीच्या तबकाखाली, स्टेपनीच्या खळग्यात आणि उंदरांनी घरटे केलेल्या जागीही हेच घडते. तपासणी घरच्या घरी करता येते. लहान लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून कडेकडेने फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नसून लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याची पुट्टी, भरलेली आहे. मग स्क्रू-ड्रायव्हरची मूठ हलकेच आपटत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो.

सडलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून नवा पत्रा जोडणे एवढीच दुरुस्ती खरी. जुन्यावर नवा तुकडा डकवून वरून लांबी ओढली, तर मधल्या पोकळीत गंज सुखाने वाढत राहतो. सिल कापायची वेळ आली तर त्याआधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा पाइप वेल्ड करून आधार दिलाच पाहिजे आणि एका वेळी एकच बाजू कापली पाहिजे. नाहीतर बॉडी कणभर वाकते आणि मग ती दारे आयुष्यभर नीट लागत नाहीत. आपला गॅरेजवाला हे न विचारता सांगतो का, हे पाहा. माझ्या मते कारागीर निवडण्याची ही सर्वांत खात्रीची परीक्षा आहे.

ब्रेकबाबतही तडजोड नको. चारही चाकांना ड्रम आणि सगळ्यांना मिळून तेलाचा एकच मार्ग, अशी ही रचना आहे, त्यामुळे एका जागी गळती झाली की पाय थेट जमिनीला टेकतो. मास्टर सिलिंडर, चाकांतले सिलिंडर, रबरी नळ्या आणि गंजलेल्या धातूच्या नळ्या सरसकट नव्या घाला. टायरची नक्षी शाबूत दिसत असली तरी सोळा वर्षांचे रबर ते रबर नव्हे.

इंजिनाला हात लावण्याआधी एक कळकळीची विनंती : नवी बॅटरी जोडून ‘बघू या लागते का’ असा प्रयोग कोणालाही करू देऊ नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ ऑइल सोडा, तीन-चार दिवस मुरू द्या, आणि मग पान्याने क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हाताने फिरवून पाहा. सहज फिरली तर जुने ऑइल आणि टाकीतले राळ झालेले पेट्रोल काढून टाका, टाकी उतरवून धुऊन घ्या, आणि मगच स्टार्टर. या १०८९ सीसीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. बोअरवेलचे क्षारी पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले गेले असेल तर हेडमधले पाण्याचे मार्ग खाल्ले गेलेले असतात आणि रेडिएटर क्षारांनी तुंबलेला असतो, म्हणून तो उघडून साफ करून घ्या आणि पुढे शुद्ध केलेले पाणी व कूलंटच वापरा. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे गेला की या एका गोष्टीवर हेड गॅस्केटचे नशीब ठरते.

इंजिन उतरवून बोअर करायचे (झिजलेले सिलिंडर आतून कातून मोठे करायचे) की नाही, हे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजल्यावर ठरवा, त्याआधी नाही. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळपास आले आणि धूर निळा नसला, तर इंजिन जागेवरच राहू द्या. ‘आता उघडलीच आहे तर’ या शब्दांनी सुरू होणारे प्रत्येक वाक्य महाग पडते. हेड उतरवलेच आहे तर पिस्टन, पिस्टन काढलेच आहेत तर क्रँक, इंजिन बाहेर आलेच आहे तर त्या खळग्याचा रंग, आणि खळगा रंगवला तर बाहेरचा जुना रंग विजोड दिसतो म्हणून सगळीच गाडी. साडेचार लाखांचे सात लाख असेच होतात, आणि गंमत म्हणजे यातला कोणताही निर्णय वेगळा काढून पाहिला तर चुकीचा वाटत नाही.

पेट्रोलचा एक मुद्दा वडिलांच्या काळी नव्हता. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते (त्यातले काही आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचे असणार, हा भाग वेगळा). इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, टाकीतली जुनी राळ सोडवून कार्बोरेटरकडे धाडते आणि हवेतली ओल शोषून घेते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि यांत्रिक पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचाच घ्या, टाकीनंतर एक फिल्टर बसवा, आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

रंगाविषयी घाई नको. आपल्या उन्हाने जुना रंग खडूसारखा पांढुरका होतो, पण तो मेलेला असतोच असे नाही. छपराचा वीतभर तुकडा आखून घ्या, साध्या साबणाच्या पाण्याने धुवा आणि बारीक कंपाउंड हाताने, हलक्या दाबाने घासा. खालून खोल, ओलसर दिसणारा रंग वर आला तर तो १९६८ चा मूळ रंग आहे का हे डॅशबोर्डच्या खाली किंवा दारांच्या रबराआड पाहून ताडता येते, कारण तिथे ऊनही पोचत नाही आणि दुसऱ्यांदा रंगवणाऱ्याचा ब्रशही. मूळ असेल तर ओरखडे आणि एखादा पोचा पत्करून तो ठेवावा असे मी ठामपणे म्हणेन. नवा रंग केव्हाही देता येतो, जुना एकदाच असतो. पत्र्याचे काम झालेल्या जागा तेवढ्या जुळवून घ्याव्यात. सगळीच गाडी रंगवणे भाग पडले तर वर पारदर्शक लेप असलेला चमचमता रंग टाळा. तो या गाडीच्या चेहऱ्यावर लग्नातल्या मेकअपसारखा दिसतो.

आता चिरंजीवांच्या मागण्या. अल्टरनेटरला माझी हरकत नाही. वीज तयार करणाऱ्या जुन्या डायनामोला मंद गतीत दिव्यांचा भार झेपत नाही, आणि हा बदल चार बोल्टांचा असून उद्या उलटवता येतो. डायनामो आणि त्याचा कटआउट तेलकट फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. हेडलाइटना रिले आणि जास्तीचे फ्यूज यांनाही माझी संमती आहे. एसीला नाही. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीच्या इंजिनावर कॉम्प्रेसरचा बोजा, आधीच तापणाऱ्या रेडिएटरसमोर दुसरी जाळी, आणि नळ्यांसाठी बॉडीला पाडलेली भोके असे तीन तोटे त्यात आहेत, आणि तिसरा कायमचा आहे. डिस्क ब्रेकसाठी पुढच्या चाकांचे मूळ भाग बदलावे लागतात. ही गाडी ज्या वेगाने चालवायची त्या वेगाला नीट जुळवलेले ड्रम पुरतात. मुलाला नाराज करायचे नसेल तर कामाची वही त्याच्याकडे सोपवा. प्रत्येक बदलाचा फोटो, तारीख आणि काढलेला भाग कुठे ठेवला आहे याची नोंद हे काम पुण्याहूनही होण्यासारखे आहे.

कामाचा क्रम पत्रा, ब्रेक, इंजिन, वायरिंग असा ठेवा, आणि त्यानंतर एक हंगाम गाडी चालवा. रंगाचा निर्णय त्या हंगामानंतर घ्या. कागदांचेही पाहा : नोंदणी अजून वडिलांच्या नावे असेल तर ३१ क्रमांकाच्या नमुन्यात वारसाच्या नावे हस्तांतरणाचा अर्ज करावा लागेल, नोंदणीची मुदत संपली असल्यास नूतनीकरण, योग्यता तपासणी आणि थकलेला पर्यावरण कर हेही येईल. गॅरेजला पहिला हप्ता देण्याआधी आरटीओच्या कार्यालयात एक फेरी मारून, नोंदणी पुस्तकातले इंजिन व चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून घ्या.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. मी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी स्वस्तात घेतली आहे. तिचे इंजिन गेले आहे. मूळ इंजिन दुरुस्त करण्यापेक्षा एखाद्या आधुनिक लहान गाडीचे इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला तर गाडी रोज वापरता येईल. हे कितपत योग्य?
— एक वाचक, केगाव, सोलापूर

उत्तर : तुम्ही अभियंता होणार आहात म्हणून आधी यंत्राचे बोलतो. आजच्या बहुतेक लहान गाड्यांचे इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके ओढते. पद्मिनीचे उभे बसते आणि मागची चाके ढकलते. म्हणजे इंजिनासोबत गिअरबॉक्स जुळणार नाही, गिअरबॉक्ससाठी गाडीच्या तळाला असलेला बोगदा कापावा लागेल, स्टिअरिंगवरच्या गिअरचे सगळे दुवे निरुपयोगी होतील, आणि वाढलेली ताकद जुन्या मागच्या अ‍ॅक्सलवर व ड्रम ब्रेकवर येईल. शेवटी जी गाडी होईल तिची दुरुस्ती तुमच्याखेरीज कोणालाच येणार नाही.

कायद्याचे सांगायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

शिवाय पद्मिनीचे मूळ इंजिन बांधणे हे आपल्याकडे शिकण्याजोगे आणि आवाक्यातले काम आहे. मुंबईच्या टॅक्सींमुळे ही गाडी उघडून बांधणारे हात राज्यभर तयार झाले. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही, त्यामुळे सुट्या भागांचा तो मोठा झरा आटत चालला आहे. पिस्टन, बेअरिंगा, गॅस्केटचा संच जो मिळेल तो आताच घेऊन ठेवा. बोअर आणि क्रँकचे ग्राइंडिंग लेथवाल्याकडून करून घ्या, बाकीची जुळणी स्वतः करा. पद्मिनीच्या बाबतीत मी मूळपणाचा फार आग्रह धरणार नाही. आपल्या आवडीचा रंग द्या, चांगले रेडियल टायर घाला, पुढे सीटबेल्ट बसवा. इंजिन तेवढे तिचेच असू द्या.

प्रश्न : माझी गाडी १९७१ ची आहे. विंटेज म्हणून नोंदणी केली की नूतनीकरणाच्या कटकटीतून सुटका होते असे ऐकले. करावी का?
— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : गाडी कशासाठी ठेवली आहे त्यावर ते अवलंबून आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. गाडीला ‘व्हीए’ अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. मात्र अशी गाडी नियमित वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच तिला मोकळीक आहे. दर गुरुवारी अक्कलकोटला जायचे असेल तर ही नोंदणी आपल्यासाठी नाही.

प्रश्न : सासऱ्यांची अ‍ॅम्बेसेडर दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये ‘पूर्ण नवी’ करायला दिली. दोन लाख रुपये देऊन झाले. गाडी सुट्या भागांत पडून आहे आणि दर वेळी नवे कारण मिळते. गाडी तिथेच पूर्ण करून घ्यावी की उचलून आणावी?
— एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : भांडण करण्याआधी मोजदाद करा. गाडी जाणणाऱ्या एका माणसाला सोबत घेऊन जा आणि जे जे भाग हजर आहेत त्यांची फोटोंसह यादी करून तिच्यावर गॅरेजवाल्याची सही घ्या. ‘पूर्ण नवी’ या शब्दांना कामाच्या दृष्टीने काही अर्थ नसतो. बरीचशी रखडपट्टी त्या दोन शब्दांतच दडलेली असते, आणि त्यात दोष दोन्ही बाजूंचा असतो. उरलेल्या कामाचे चार लहान टप्पे पाडा, उदाहरणार्थ पत्राकाम आणि अस्तराचा रंग, मग चाके-ब्रेक-स्टिअरिंग, मग इंजिन व वायरिंग, शेवटी काचा आणि सीट. प्रत्येक टप्प्याची रक्कम तो टप्पा डोळ्यांनी पाहिल्यावरच द्या. पहिल्या टप्प्यालाही दोन महिन्यांत हात लागला नाही तर उचलून आणा.

आणायची झालीच तर नटबोल्ट डब्यात एकत्र टाकू देऊ नका. ज्या भागाचे ते आहेत त्या भागाला पिशवीत बांधा आणि पिशवीवर मार्करने लिहा. चासी क्रमांकाची धातूची पट्टी रंगासाठी सुटी काढलेली असेल, तर ती त्याच दिवशी ताब्यात घेऊन घरच्या कपाटात ठेवा.